बावटा लागतो तेव्हा

पत्र : मी हर्णैचा तांडेल, मासेमारीची बोट चालवतो. मुलगी दहावीत आहे, गणितात हुशार आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, तेव्हापासून 'मी फायटर पायलट होणार' हे एकच चाललंय. त्याच दिवसांत मोबाइलवर आलं की आपल्या एका महिला पायलटला पाकिस्तानात पकडलं. हिच्या आईने धसका घेतलाय. युद्ध लागलं तर या मुलींचं काय होतं ते खरं सांगा. आणि हिला बँकेच्या परीक्षेकडे वळवता येईल का? नाव छापू नका.

उत्तर : भाऊ, ती बातमी खोटी होती, हे वहिनींना आधी सांगा. त्यात जिचं नाव घेतलं होतं त्या स्क्वाड्रन लीडर शिवांगी सिंह राफेल उडवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाला तळावर राष्ट्रपतींच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या साऱ्या देशाला दिसल्या.

पण खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते, कैद होऊ शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान पकडले गेले, तिसऱ्या दिवशी परत आले. सगळेच येतात असं नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियाची लिडिया लित्व्याक याक विमानातून लढली आणि १ ऑगस्ट १९४३ ला गेली ती परतलीच नाही. बावीस पूर्ण व्हायची होती. किती वर्षं ती नुसती 'बेपत्ता' होती. देशाचा सर्वोच्च किताब तिला मिळाला तो १९९० मध्ये. बेपत्ता या शब्दाचा अर्थ हर्णै बंदरात मी कुणाला समजावायला नको.

बाकी युद्धातले दिवस आपल्याला वाटतात तसे आभाळात जात नाहीत. बराच वेळ वाट बघण्यात जातो. धावपट्टीच्या टोकाला शस्त्रं लावलेली विमानं उभी, जवळच्या खोलीत जी-सूट (वळणात रक्त पायांकडे उतरू नये म्हणून घालायचा घट्ट पोशाख) चढवून बसलेले पायलट. भोंगा झाला की काही मिनिटांत वर. पुष्कळदा भोंगा होतच नाही आणि पाळी संपते. वर गेलं तर जोराच्या वळणात अंगावर नऊपट भार येतो, म्हणजे पंचावन्न किलोची मुलगी जवळजवळ पाचशे किलोची होते. रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोट-मांड्या आवळून, ठरावीक पद्धतीने श्वास घेत शुद्ध टिकवायची. उतरल्यावर सगळ्यांसमोर आपल्या चुका ऐकून घ्यायच्या. घरी फोन लागला तरी कुठे आहे ते सांगायचं नाही.

आता माझं म्हणणं. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय आणि तुमची बोट आत आलेली नाही, तेव्हा वहिनी घरात काय करतात हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही. कसं पाहणार, तुम्ही बाहेर असता. युद्ध लागलं तर कसं होईल, हे त्यांना विचारा. तुमच्या घरात त्यातलं कळतं ते त्यांनाच. किनाऱ्यावर थांबायची पाळी पहिल्यांदा येणार आहे ती तुमच्यावर.

बँकेचं म्हणाल तर ती परीक्षा पदवीनंतरही देता येते. एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दार साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होतं. म्हणून आधी हे बघा. अकरावीला भौतिक, रसायन आणि गणित हवंच. 'डॉक्टरकीला बरं' म्हणून कुणी गणित सोडायला लावलं तर ऐकू नका. मुलींना एनडीए खुली झाली ती २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, आणि पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. फ्लाइंगच्या जागा मोजक्याच. एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था नाशिकला मुलींसाठी आहे, तिची प्रवेश परीक्षा दहावीतच द्यावी लागते, तेव्हा जाहिरातीवर आत्तापासून लक्ष ठेवा. एनडीए हुकली तर पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा आहे, वय वीस ते चोवीस. मात्र वैमानिक निवडीची संगणकावरची चाचणी जन्मात एकदाच देता येते, नापास झालं की फ्लाइंग संपलं. (मला हा नियम फार निष्ठुर वाटतो, पण आहे तो आहे.)

लग्नाची घाई करणारे मामा-काका असतील तर त्यांनाही सांगून ठेवा : २०१६ मध्ये पहिल्या तिघी फायटर पायलट झाल्या, तेव्हा त्यांना निदान चार वर्षं मूल होऊ देऊ नका असा सल्ला हवाई दलानेच दिला होता. आणि तिला समुद्र सोडवत नसेल तर नौदलही आहे. जुलै २०२५ मध्ये आस्था पूनिया नौदलाच्या फायटर शाखेत निवडली गेलेली पहिली मुलगी ठरली.

या रविवारी तिला दाराच्या चौकटीला उभी करून उंची मोजा. १६२.५ सेंटिमीटर लागते. दहावीतली मुलगी आहे, थोडी कमी भरली तर लगेच निराश होऊ नका. दापोलीत डोळेही तपासून घ्या, चष्म्यामुळे फ्लाइंग अडू शकतं. काय निघालं ते कळवा. वहिनी काय म्हणाल्या तेही, त्यांची हरकत नसेल तर.