माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. नागपुरात तिच्या चित्रांचं एकल प्रदर्शन भरवायचं आहे. निमंत्रणावर तसं लिहावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 22 वर्षांच्या मुलीच्या पहिल्या एकल प्रदर्शनाच्या निमंत्रणावर ती ऑटिस्टिक असल्याचं लिहायचं का, आणि गॅलरीतली गर्दी तिला झेपेल का. मी चित्रकार नाही, डॉक्टर तर नाहीच. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, मोजकेच शब्द बोलतो आणि ॲक्रिलिकमध्ये रंगवतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही सिव्हिल लाइन्सकडच्या एका गॅलरीत तीन दिवस त्याची 27 चित्रं लावली. तेवढ्याच अनुभवावर लिहिते आहे.

लिहा, पण खाली, एका ओळीत. वर तिचं नाव, मग माध्यम, मग तारीख-वेळ. आमच्या पत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात काकांनी ‘ऑटिझमवर मात करणारा जिद्दी कलावंत’ असं टाकलं होतं. मी म्हटलं, काका, मात कुठं केली? आज सकाळीच पोळी गोल नाही म्हणून ताट परत आलं. काका रुसले, पण ओळ गेली. छापलं ते इतकंच: ‘चित्रकार ऑटिस्टिक आहे. दालनात मोठ्यानं बोलू नये, त्याला न विचारता त्याचा फोटो काढू नये.’ त्यामुळे तो शब्द कौतुकाचा उरला नाही, येणाऱ्याच्या उपयोगाचा झाला.

आता शब्द कोणता, हा वेगळाच वाद. ‘न्यूरोडायव्हर्जंट’, म्हणजे ज्याचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या रीतीनं चालतो तो, असं हल्ली पुष्कळ जण म्हणतात. त्यात ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असं सगळं येतं. आमच्या शेजारच्या आजींना तो शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. ऑटिस्टिकसाठीचा मराठी शब्द ‘स्वमग्न’ मला पटत नाही, कारण भाऊ स्वतःत मग्न नसतो, पंख्याच्या पात्यावरच्या धुळीत मग्न असतो. तुमची मुलगी बोलत असेल तर तिलाच विचारा. नसेल बोलत, तर दोन पत्रिका छापून पुढ्यात ठेवा. आम्ही ठेवल्या. भावानं स्वतःचा फोटो असलेली बाजूला सारली आणि चित्र असलेली उशीखाली ठेवून दिली. निर्णय झाला.

माझा हा ताठरपणा कुठून आला तेही सांगते. आधी एकदा एका संस्थेनं 2 एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, बऱ्याच मुलांची चित्रं एकत्र लावली होती. हेतू चांगलाच होता. पाहुणे ‘ही देवाघरची लेकरं’ असं बोलले, टाळ्या झाल्या, मग भावाला शाल-श्रीफळासाठी मंचावर बोलावलं आणि नेमका तेव्हाच माइक किंचाळला. तो कान दाबून खाली बसला. त्यानंतर पंधरा दिवस ब्रशला हात नाही. चित्राजवळ किती जण थांबले ते मी त्या दिवशी मोजलं होतं, म्हणून सांगते: सेल्फीसाठी बरेच, बघायला चार. म्हणून 2 एप्रिल टाळा. शिवाय आपल्याकडे तोवर ऊन असं तापतं की दुपारी घरून कोणी निघत नाही.

डिसेंबरही नको. अधिवेशन असतं, विधानभवनाकडचे रस्ते अडवलेले, मोर्चे, भोंगे. तुमची मुलगी आवाजाला घाबरत असेल तर गॅलरीपर्यंत पोहोचण्यातच तिचा दिवस संपेल. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी बघा.

गर्दीचं म्हणाल तर ती झेपवण्यापेक्षा कमी करता येते. आम्ही उद्घाटनच ठेवलं नाही. दीपप्रज्वलन नाही, माइक नाही, भाषण नाही. अकरा ते एक ही वेळ फक्त घरच्यांसाठी आणि ज्यांना शांतता लागते त्यांच्यासाठी. ट्यूबलाइट बंद करून पिवळे दिवे मागितले, कारण ट्यूबची गुणगुण त्याला सहन होत नाही. गंमत म्हणजे घरातला कूलर, जो अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, तो त्याला चालतो. कुठला आवाज टोचतो हे बाहेरून कधीच कळत नाही, म्हणून यादी घरीच करून न्या. मागच्या बाजूला एक बंद खोली, चटई, त्याचे कानावरचे मफ आणि दहीभाताचा डबा, एवढं आधी पक्कं करा आणि मगच भाड्याचं बोला.

त्याआधी आम्ही रिकाम्या गॅलरीत तीनदा गेलो. दाराचा, जिन्याचा, भिंतीचा, बाथरूमचा फोटो काढून क्रमानं एका वहीत चिकटवला आणि प्रत्येकाखाली एक वाक्य लिहिलं. ‘इथं चपला काढायच्या.’ ‘इथं लोक चित्र बघतील.’ याला सोशल स्टोरी म्हणतात. अमेरिकेतल्या कॅरल ग्रे या शिक्षिकेनं 1991 मध्ये ही पद्धत बसवली. तुमच्या थेरपिस्टना माहीत असेलच. आमची एक चूक झाली: ‘लोक चित्र घरी घेऊन जातील’ हे पान आम्ही घातलंच नाही. त्याचं पुढं सांगते.

चित्रं लावताना आमच्यात खरं भांडण झालं. गॅलरीत साधारण नियम असा की चित्राचा मध्य जमिनीपासून पाचेक फुटांवर यावा. लावणाऱ्यानं तसंच लावलं. भावानं एकेक खाली उतरवलं. तो जमिनीवर मांडी घालून रंगवतो, बघतोही तसाच, तेव्हा त्याच्या लेखी चित्राची जागा तिथंच. वितीनं अंतर मोजत त्यानं सात चित्रं पार खाली लावून घेतली. लावणारा म्हणाला, “ताई, लोक काय गुडघ्यावर येऊन बघतील का?” मी म्हटलं, येतील. आले. दोन सतरंज्या मागवाव्या लागल्या.

त्या सातांत एक पिवळी मारबत होती, म्हणजे नागपुरात मिरवून जाळतात त्या पिवळ्या पुतळ्याचं चित्र. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मिरवणूक निघते ती तुम्हाला ठाऊकच आहे. 1880 च्या दशकापासूनची प्रथा. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या गलक्यात भाऊ एक मिनिट टिकणार नाही. पण मामांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून, खिडकी बंद करून, कानांवर मफ लावून तो दरवर्षी बघतो. त्याच्या चित्रात माणसं नाहीत, रस्ता नाही. नुसता पिवळा, एकावर एक इतके थर की कॅनव्हासवर बोट फिरवलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा लागतो. आणि उजव्या कोपऱ्यात खिडकीच्या गजाची एक हिरवी रेघ. ती रेघ आम्हा घरच्यांना वर्षभर दिसली नव्हती. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर सतरंजीवर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि भावाला विचारलं, “हा पिवळा कोणता रे बाबू?” भावानं पिशवीतून ट्यूब काढून त्यांच्या हातावर ठेवली. पिळून पिळून चपटी झालेली. मास्तरांनी ती उलटसुलट पाहिली, परत दिली, आणि दोघं पंधरा मिनिटं न बोलता तिथंच बसले. तीन दिवसांत ऑटिझमचं नाव न घेता त्याच्याशी बोललेला हा पहिला माणूस.

किमतीचं. नातेवाईक म्हणतील, कमी ठेवा, मदत म्हणून घेतील. ऐकू नका. आम्ही इतर नवे चित्रकार लावतात तसा चौरस इंचाचा भाव लावला, 15 रुपये. 18 बाय 24 इंची चित्र म्हणजे 432 चौरस इंच, 6,480 रुपये. फ्रेम वेगळी. नऊ चित्रं गेली. खरं तर आठच. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लावतात ना, ती भावाला चित्राशेजारी खपेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सगळ्या टिकल्या खरवडून काढल्या आणि मी एकच चित्र दोघांना विकून बसले. संध्याकाळी त्यातल्या एका बाईंचा फोन, “काहून हो, असं करून राहिले तुम्ही?” माफी मागितली, पैसे परत केले. टिकली नका लावू, वहीत लिहा.

पैसे मुलीच्याच नावाच्या खात्यात घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि आपले आर्थिक व्यवहार इतरांच्या बरोबरीनं सांभाळायचा हक्कही त्यातच दिला आहे. बँकेत खिडकीवर कुणी ‘पालकाच्या नावानं करा’ म्हणालं तर हे सांगा. आणि दुसरं: कॅनव्हास विकला म्हणजे छापायचा हक्क विकला असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं तो चित्रकाराकडेच राहतो, लेखी करारानं दिला नाही तोवर. आमच्याकडे एक गृहस्थ चित्र घेऊन वर कॅलेंडर काढायला निघाले होते.

राहिलं ते सोशल स्टोरीचं पान. तिसऱ्या दिवशी पिवळी मारबत घ्यायला एक जोडपं गाडी घेऊन आलं. भाऊ चित्राला पाठ लावून बसला, उठेचना. त्या दोघांनी समजून घेतलं, दुसरं चित्र नेलं. आता प्रदर्शनाआधी आम्ही दोन टोपल्या ठेवतो, ‘द्यायची’ आणि ‘नाही द्यायची’, आणि चित्रांचे छोटे फोटो त्याच्यापुढे ठेवतो. वाटण्या तो करतो. तुमच्या मुलीकडून हे पत्रिका छापायच्या आधीच करून घ्या, कारण पत्रिकेवर जे चित्र छापाल तेच लोक आधी मागतात. आमचं ते सध्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी आहे, जमिनीपासून दीड फुटावर.