पांडासमधलं लॉक आणि आयलॉक

पायथनच्या पांडास लायब्ररीत डेटाफ्रेममधून, म्हणजे ओळी-स्तंभांच्या तक्त्यातून, ओळी काढायचे दोन मार्ग आहेत: लॉक (loc) ओळीच्या लेबलावरून शोधतो, आयलॉक (iloc) ओळीच्या जागेवरून. दोघांत गोंधळ होणारच, कारण नव्या डेटाफ्रेमची लेबलं मुळात 0, 1, 2 अशीच असतात आणि एकच ओळ मागितली तर दोघं सारखंच उत्तर देतात. एकदा सॉर्ट करून बघ. लॉक[0] म्हणजे 0 लेबलाची ओळ, मग ती कुठेही जाऊन बसलेली असो. आयलॉक[0] म्हणजे आत्ता सगळ्यात वर असलेली. फिल्टरमध्ये 0 लेबलाची ओळच गळली असेल, तर लॉक[0] सरळ कीएरर देतो, म्हणजे ते लेबल सापडत नाही अशी चूक दाखवतो.

खरी मेख स्लाइसमध्ये, म्हणजे सलग ओळींचा तुकडा घेताना आहे. ताज्या डेटाफ्रेमवर लॉक[0:3] चार ओळी देतो, शेवटचा 3 धरून, आयलॉक[0:3] तीनच. (जुन्या कोडमध्ये आयएक्स, म्हणजे ओळी काढायचा जुना मार्ग ix, दिसलं तर उचलू नकोस, 2020च्या पांडास 1.0 आवृत्तीत ते काढून टाकलंय.) मी शक्यतो लॉकच वापरतो, आयलॉक फक्त पहिली-शेवटची ओळ हवी असेल तेव्हा.