जुना ब्रिज जास्त का दाखवतो?

प्रश्न: वडिलांचा मॅजिक आय (मोजमाप जुळलं की सावली रुंद दाखवणारा चमकता व्हॉल्व्ह) असलेला जुना व्हॉल्व्हचा आरसी ब्रिज, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटर मोजायचं यंत्र, मी सुरू केला. 10 किलोओहमचा रेझिस्टर 10.8 दाखवतो, 0.01 मायक्रोफॅराडचा कपॅसिटर 0.0108 आणि 100 पिकोफॅराडचा मात्र तब्बल 126. आतले प्रमाण कपॅसिटर (ज्यांच्याशी तुलना करून ब्रिज मोजतो ते) बदलू का?

उत्तर: थांबा, आतलं काहीच उपटू नका! रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही सारखेच आठ टक्के जास्त दिसतात, म्हणजे आतले प्रमाण भाग शाबूत असावेत. नॉबचा काटा सरकलाय. फक्त कपॅसिटर चुकले असते तर मीही प्रमाण कपॅसिटरवर संशय घेतला असता.

आधी वीस मिनिटं ब्रिज तापू द्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर सहज मिळतात. आतल्या प्रमाण रेझिस्टरइतक्याच ओहमचा एक रेझिस्टर टर्मिनलना लावा, मॅजिक आयची सावली सर्वांत रुंद होईल तिथे शाफ्ट धरून ठेवा, नॉबचा स्क्रू सैल करून काटा बरोबर 1 वर आणा. मग स्केलची दोन्ही टोकं तपासा. एखादी रेंजच चुकली, तर तिथला जुना कार्बन रेझिस्टर बदला; वयाबरोबर त्यांचे ओहम वाढतात.

100 पिकोफॅराडचं दुखणं वेगळं. तिथे टर्मिनल आणि वायरींची स्वतःची कपॅसिटन्स मिसळते. काटा बसवून झाल्यावर टर्मिनल मोकळी ठेवून वाचन घ्या, साधारण 17 येईल. ते दर वेळी वजा करा. वायरी आखूड ठेवा.

आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज कराच. आत दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतात.