वाचक विचारतात : ऑनलाइन शिकून पोकर डीलर होता येतं का?

प्रश्न : कॅसिनोत पोकर डीलर म्हणून काम करायची इच्छा आहे. ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल का?

नुसत्या प्रमाणपत्रावर नाही. नोकरी ठरते ती ऑडिशनमध्ये. तुम्हाला टेबलावर बसवतात, डाव वाटायला सांगतात आणि हात, हिशेब, आवाज असं सगळं पाहतात. नियम, कृतींचा क्रम आणि पॉटचा (डावात जमलेल्या रकमेचा) हिशेब ऑनलाइन उत्तम शिकता येतो. बोटांचं काम मात्र कोणी चुका दाखवल्याशिवाय सुधारत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: माझा वाटपाचा व्हिडिओ शिक्षक स्वतः पाहून दुरुस्त्या सांगणार का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो कोर्स घेऊ नका, कारण नुसते नियम फुकटही वाचायला मिळतात. शिवाय अनेक ठिकाणी सरकारी गेमिंग नियामकाचा परवाना आणि पार्श्वभूमीची तपासणी लागते. ज्या कॅसिनोत काम करायचं आहे, तिथेच ती चौकशी आधी करा.

प्रश्न : घरी सरावाला काय काय लागेल?

प्लॅस्टिकच्या पत्त्यांचे दोन कॅट, तळाचा पत्ता झाकायला ठेवायचं कट कार्ड, डीलर बटण (वाटपाची पाळी कोणाची ते दाखवणारी चकती) आणि चार रंगांच्या मिळून दोन-तीनशे चिप. कागदी पत्ते चार दिवसांत वाकतात आणि नीट सरकत नाहीत. टेबलावर मऊ थर आणि वर फेल्टसारखं कापड हवंच. उघड्या लाकडावर पत्ता भलताच दूर घसरतो, आणि मग हाताला चुकीच्या जोराची सवय लागते.

प्रश्न : वाटताना पत्त्याची खालची बाजू दिसते, असं शिक्षक म्हणतात. मला तर व्हिडिओत काहीच दिसत नाही.

तुमचा कॅमेरा वरून लावलेला असणार. वरून बोटांची ठेवण कळते, पण पत्ता उघडा पडतो तो समोरच्या खेळाडूला. फोन समोरच्या खुर्चीच्या जागी, टेबलाच्या कडेच्या उंचीवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. मग दोष लपत नाही.

कारणं बहुधा तीन असतात. एक, डाव्या हातातला कॅट खेळाडूंकडे कलतो. तर्जनी कॅटच्या पुढच्या कडेवर आणि उरलेली तीन बोटं उजव्या बाजूला धरून कॅट जवळजवळ आडवा ठेवा. दोन, पत्ता सोडताना उजवं मनगट वर उचललं जातं. डाव्या अंगठ्याने वरचा पत्ता किंचित पुढे सरकवा, उजव्या हाताने तो धरून मधल्या बोटाच्या झटक्याने गिरकी द्या. तो फेल्टला लागूनच गेला पाहिजे. तीन, गिरकी कमी पडते, मग पत्ता डुलत जातो आणि वाटेत उलटतो.

सुरुवातीला नऊ जागांवर कागद ठेवून दोन-दोन असे १८ पत्ते वाटा. सगळे कागदावर पडू लागेपर्यंत वेग वाढवू नका. अगदी जवळच्या दोन जागांवर वेगळं लक्ष द्या, तिथे हात आडवा जातो आणि पत्ता सहज दिसतो.

पिसतानाही हेच होतं. नेहमीचा क्रम असा: पत्ते टेबलावर पसरून कालवणं, मग रिफल (कॅटचे दोन भाग करून त्यांचे कोपरे एकमेकांत मिसळणं), रिफल, स्ट्रिप (वरून थोडे-थोडे पत्ते काढून एकावर एक ठेवणं), रिफल आणि शेवटी कट कार्डावर एका हाताने कट. रिफल करताना कोपरे जेमतेम उचला. जास्त उचलले की तळाचा पत्ता दिसतो.

प्रश्न : तीन-चार जण ऑल-इन झाले, म्हणजे त्यांनी सगळ्या चिप लावल्या, की साइड पॉटमध्ये (कमी चिप असलेल्याचा हक्क नसलेल्या वेगळ्या पॉटमध्ये) गोंधळ होतो.

सगळं एकदम डोक्यात मांडू नका. सर्वांत लहान रकमेपासून सुरुवात करा. समजा, ‘अ’ ५०० वर ऑल-इन, ‘ब’ १,२०० वर, ‘क’ २,००० वर, आणि ‘ड’ने २,००० कॉल केले, म्हणजे तेवढेच लावले. चौघांकडून ५०० घ्या: मुख्य पॉट २,०००. ‘ब’चे ७०० उरतात, ते तिघांकडून घ्या: पहिला साइड पॉट २,१००. उरलेले ८०० दोघांकडून: दुसरा साइड पॉट १,६००. बेरीज ५,७००, आणि टेबलावर आलेली रक्कमही तेवढीच. ही पडताळणी दर वेळी करा. ‘ड’ नसता तर ‘क’चे ८०० त्याला परत गेले असते, हे नवखे विसरतात. पॉट देताना उलट क्रम: शेवटचा साइड पॉट आधी, मुख्य पॉट शेवटी.

पॉट-लिमिट ओमाहातही (प्रत्येकाला चार पत्ते मिळणारा पोकरचा प्रकार, ज्यात बेटला पॉटएवढी मर्यादा असते) हिशेब विचारतात. सूत्र सोपं आहे: समोरच्या बेटच्या (लावलेल्या रकमेच्या) तिप्पट अधिक त्या बेटच्या आधीचा पॉट. पॉट १०० आणि बेट ५० असेल तर रेझ (बेट वाढवणं) जास्तीत जास्त एकूण २५० पर्यंत.

प्रश्न : विजेता ओळखायला वेळ लागतो. सराव कसा करू?

पाच पत्ते मध्ये (हा सगळ्यांचा सामाईक बोर्ड), नऊ खेळाडूंचे दोन-दोन पत्ते भोवती, सगळे उघडे मांडा आणि विजेता मोठ्याने सांगा. मनातल्या मनात नको, कारण ऑडिशनमध्ये तोंडानेच सांगायचं असतं. फसवे बोर्ड मुद्दाम मांडा. उदाहरणार्थ, मध्ये दोन राजे, दोन नव्व्या आणि एक्का. एकाकडे सत्तीची जोडी, दुसऱ्याकडे राणी-गुलाम. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) कोणाचाच नाही. नवखा डीलर पॉट सत्तीवाल्याला देतो. खरं तर दोघांचे उत्तम पाच पत्ते बोर्डावरचेच आहेत, म्हणून पॉट निम्मा-निम्मा. ओमाहात हातातले नेमके दोन आणि बोर्डावरचे नेमके तीन पत्ते धरायचे, हे विसरलात की चार इस्पिकांच्या बोर्डावर एकच इस्पिक असलेल्याला फ्लश देऊन बसाल.

प्रश्न : वाटताना पत्ता उलटला किंवा फ्लॉपला, म्हणजे बोर्डावर एकदम उघडायच्या पहिल्या तीन पत्त्यांऐवजी, चार पत्ते पडले तर?

हात थांबवा आणि फ्लोअरला (टेबलांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) बोलवा. पत्ते गुपचूप नीट करायला जाणं ही मूळ चुकीपेक्षा मोठी चूक आहे, कारण मग काय घडलं ते कोणालाच सांगता येत नाही. वाटपातला पहिला किंवा दुसराच पत्ता उघडा पडला तर बहुतेक ठिकाणी डाव नव्याने वाटतात. नंतरचा एखादा पडला तर वाटप पूर्ण करून त्या खेळाडूला वरचा पत्ता देतात, आणि उघडा पत्ता बर्न कार्ड (न खेळता बाजूला टाकायचा पत्ता) होतो. चार पत्त्यांच्या फ्लॉपसाठी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचा नियम असा: चारही पत्ते पालथे घालून कालवायचे, फ्लोअर त्यातला एक पुढचं बर्न कार्ड म्हणून काढतो, उरलेले तीन फ्लॉप. हे पाठ असलं तरी निर्णय फ्लोअरचाच.

प्रश्न : टेबल सोडताना डीलर हात का दाखवतात?

हातात किंवा बाहीत चिप नाही हे छतावरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. दोन्ही तळवे वर, मग खाली. घरच्या सरावातही दर सत्राच्या शेवटी हे करा, म्हणजे ऑडिशनमध्ये आठवावं लागणार नाही.