बाजूची गल्ली बुजवून घर वाढवावं की गल्ली ठेवून मागं खोल्या काढाव्या?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. ३० बाय ६० चा प्लॉट, जुनं घर २४ बाय ३० चं डाव्या हद्दीला लागून, उजव्या अंगानं सहा फुटाची गल्ली रस्त्यावरून थेट सांदवाडीत (मागच्या आवारात) जाते, मागं बोअर, संडास, म्हशीचा कोठा अन् कुटार (ढोरांचा कोरडा भुसा-चारा), आणि दिवाळीनंतर लहान भावाचं लग्न आहे म्हणून दोन खोल्या पाहिजेत. मिस्त्रीनं दोन नकाशे दिले, एकात गल्ली बुजवून घर हद्दीपर्यंत रुंद करायचं, दुसऱ्यात गल्ली तशीच ठेवून खोल्या मागं काढायच्या. घरात सगळ्यांना पहिला आवडला, एकटे वडील म्हणतात ढोरं काय सैपाकघरातून नेऊ का. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून हिंगणघाट-राळेगाव पट्ट्यात गावातल्या घरांचीच कामं पाहतो, आणि माझं मत सरळ आहे, वडील बरोबर बोलून राहिले, गल्ली बुजवू नका.

पहिले मापाचंच घ्या. सहा फूट रुंद अन् तीस फूट लांब म्हणजे १८० स्क्वेअर फूट जागा नुसती पडून आहे, दीड खोली झाली, असा हिशेब सगळेच करतात. पण गल्लीची खोली होत नाही. हद्दीवर नऊ इंची भिंत घेतली की आत राहते सव्वापाच फूट, गिलावा धरला तर त्याहून कमी. पलंग लांबीला सव्वासहा फूट, तो आडवा बसतच नाही, अन् उभा टाकला तर पाच फुटी डबल बेडनंच सगळी रुंदी खाल्ली, मग माणूस पायथ्याकडून चढून झोपेल का? म्हणून मिस्त्री म्हणते की मधली जुनी भिंत काढून टाकू, म्हणजे खोल्या रुंद होतील. ती भिंत तुम्ही लिहिलं तशी मातीच्या गाऱ्यातली विटांची आहे, वरच्या मयाली अन् फाटे (छताची आडवी-उभी लाकडं) तिच्यावर बसलेले आहेत, कवेलूचा सगळा भार तिच्यावर. ती काढायची तर आधी छत टेकूवर घ्यावं लागते, कॉलम उभे करून बीम टाकावा लागतो, आणि एवढं करून तुम्ही जुन्याच छताखाली राहता. त्या पैशात मागं नवीन काय काय होते त्याचा अंदाज मिस्त्रीकडून लेखी मागा, दोन्ही नकाशांचा वेगवेगळा.

दुसरं आपल्या मातीचं, आणि हे कोणी बोलत नाही. तुमच्याकडे भारी काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. हे वर्षानुवर्षं चालते अन् घराच्या पायाला सारखं खालीवर करते. नवीन कॉलमचा पाया मुरमापर्यंत न्यावा लागते, मग चार लागो की सहा फूट. सहा फुटाच्या गल्लीत असे खड्डे खोदाल तर ते तुमच्या जुन्या भिंतीच्या अगदी कुशीतून जातात, जुना पाया दोन-तीन फुटावरच थांबलेला असतो, म्हणजे त्याच्या बाजूची माती काढून घेतली. त्यात एक मोठा पाऊस आला तर विचार करा. शिवाय हद्दीवरच्या कॉलमची फुटिंग (खालचा रुंद पाया) शेजाऱ्याच्या जागेत सरकू नये म्हणून ती एका अंगाला घ्यावी लागते, त्याचं लोखंड वेगळं, डिझाइन वेगळं, गावातला मिस्त्री ते अंदाजानं करतो. आणि हद्दीवर भिंत चढवली की बाहेरून गिलावा कुठं उभं राहून करणार? शेजाऱ्यानं त्याच्या जागेत पाड (बांबूची परांची) बांधू दिली तर ठीक, नाही दिली तर उघड्या विटांतून पाणी मुरते अन् पहिल्याच पावसाळ्यात नव्या खोलीला ओल. नवरा-नवरीच्या खोलीला.

आता त्या गल्लीतून काय काय जाते ते एकदा घरातल्या सगळ्यांना बसवून मोजायला लावा. सकाळी म्हैस बाहेर जाते, संध्याकाळी येते. शेणाचं घमेलं. कुटाराचे गाठोडे, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) मोळ्या. सोयाबीन-तुरीचे कट्टे मागच्या खोलीत ठेवत असाल तर ते. बोअरची मोटर जळाली की वीस-वीस फुटाचे पाइप काढून आडवे टाकावे लागतात, ते घरातून वळतच नाहीत. संडासचं टाकं दोन-तीन वर्षांत उपसावं लागते, टँकर रस्त्यावर उभा राहून पाइप मागं नेतो, अन् दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा वर्ष-दोन वर्षांनी रिकामा करून खत बाहेर न्यावं लागते. हे सगळं गल्ली बुजवल्यावर छपरीतून माजघरात, माजघरातून सैपाकघरात अन् तिथून मागं जाणार. पहाटे पाचला दूध काढायला जाणारा माणूस झोपलेल्यांच्या अंगावरून जाणार, आणि पहिल्या नकाशात मागचं दार ज्या पट्ट्यात दाखवलं आहे ते पाहिलं तर तो पट्टा नव्या सुनेच्या खोलीचा आहे. तिला त्या घरात दार लावून बसायची सोय राहणार नाही. हे नकाशात दिसत नाही कारण नकाशात माणसं काढत नाहीत.

आगीचंही बोलतो. मागं कुटार, पऱ्हाटी, अन् भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. ठिणगी पडली तर बादल्या घेऊन मागं जायला अन् ढोरं सोडून बाहेर काढायला ती एकच वाट आहे. मी बाकी कशावर तडजोड करीन, ह्याच्यावर नाही.

आणि कुलर! तुम्ही लिहिलं की दोन्ही खोल्यांच्या खिडक्या गल्लीकडे आहेत, म्हणजे कुलरही तिकडेच स्टँडवर लागत असतील. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते तेव्हा घर कुलरवरच तगते. पण कुलरला बाहेरची कोरडी, खेळती हवा लागते अन् खोलीतली ओली हवा निघायला दुसरीकडे वाट लागते. त्याची पाठ बंद खोलीत आली की तीच ओली हवा फिरत राहते, अंग चिपचिप, गारवा काही नाही. गल्ली बुजवली तर जुन्या दोन्ही खोल्यांचा उजेडही गेला अन् उन्हाळाही अवघड झाला, म्हणजे नवीन दोन खोल्यांसाठी जुन्या दोन खोल्या अर्ध्या बाद. तुमची गल्ली पश्चिमेला असेल तर भिंत दुपारनंतर तापते हे खरं, त्याला हिरवी जाळी बांधा.

मग खोल्या कुठं काढाव्या? दुसरा नकाशाही मी जसाच्या तसा घेणार नाही. त्यात मिस्त्रीनं दोन्ही खोल्या शेजारी-शेजारी टाकून जुन्या घराची पूर्ण मागची भिंत झाकली आहे, म्हणजे सैपाकघर अंधारात जाईल अन् धूर कोंडेल. त्यापेक्षा खोल्या डाव्या हद्दीच्या बाजूनं एकामागं एक घ्या, ११ बाय ११ च्या दोन. भिंती धरून साधारण साडेबारा फूट रुंदी अन् साडेचोवीस फूट लांबी जाते. मागं तुमच्याकडे तीस फूट खोली आहे, म्हणजे शेवटी पाचेक फूट उरतात अन् उजव्या अंगाला साडेसतरा फूट रुंद मोकळं आंगण राहते, त्यात बोअर, कोठा, धुणंभांडं, वाळवण सगळं बसते. गल्ली सरळ त्या आंगणात उघडते. दोन्ही खोल्यांची दारं-खिडक्या आंगणाकडे, कुलरही तिकडेच, अन् भाऊ-भावजयीला स्वतःचं दार. पहिल्या खोलीमुळं जुन्या घराच्या मागच्या भिंतीचा अर्धा भाग झाकला जातो, उरलेल्या अर्ध्यात सैपाकघराची खिडकी अन् दार येऊ द्या, लागलं तर चूल-ओटा तिकडे सरकवा.

नवीन बांधकाम जुन्या भिंतीला चिकटवू नका. मधे एक इंचाची फट ठेवून थर्माकोल भरा अन् वरून टिनाची पट्टी मारा. जुनं मातीतलं अन् नवीन आरसीसी सारखं हलत नाही, चिकटवलं की सांध्यात तडा ठरलेला. डाव्या हद्दीवर जमलं तर तीन फूट सोडा. नाही जमलं तर शेजाऱ्याशी आधीच बोलून त्याच्या आवारातून गिलावा करून घ्या, छताचं पाणी आपल्याकडे उतरवा, त्याच्या बाजूनं खिडकी ठेवू नका. पण एक फुटाची सांद कधीच सोडायची नाही, तिथं झाडू जात नाही, कचरा, उंदीर अन् मागोमाग साप, आणि पाणी तुंबून दोन्ही घरांच्या पायात जाते.

घरात कोणी म्हणेल सहा फुटाची कशाला, चारची ठेवा. मोटरसायकलचं हँडल अडीच फुटाच्या आसपास, डोक्यावर कट्टा घेतलेला माणूस तीन फुटात जातो, म्हैस शिंगांसकट चार फुटात अडचणीनं जाते. बैलबंडी तशीही सहा फुटात नीट जात नाही. मी म्हणीन सहा आहे तर सहाच राहू द्या, कारण भिंतीलगत तीन फूट फरशीचा पट्टा बाहेरच्या उताराचा करायचा आहे म्हणजे पावसाचं पाणी पायाशी न मुरता नालीत जाईल, काळ्या मातीत घर वाचवायचा हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. आणि पुढं माडी घ्यायची म्हणून गल्लीत जिना टाकायचा मोह होईल, तोही नको. तीन फुटाचा जिना गेला की गल्ली गेली. जिना आंगणात घ्या.

कागदाचं थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घराच्या कराचा उतारा) काढा, अन् स्वामित्व योजनेत (२०२० ला सुरू झाली, ड्रोननं गावठाण मोजतात ती) तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका पाहा, गल्ली पूर्ण तुमच्या नावात आहे की थोडी सामायिक आहे ते तिथं कळेल. शेजारी त्या गल्लीतून जात असेल किंवा त्याची खिडकी तिकडे असेल तर १८८२ चा ईझमेंट (वहिवाटीच्या हक्काचा) कायदा लागतो, वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापर असला तर त्याचा हक्क तयार होऊ शकतो, मग बुजवली की कोर्ट. बांधकाम कुठंही करा, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आधी घ्या.

आणि तुम्ही दोघं भाऊ आहात हे विसरू नका. आज एकोप्यानं आहात, तसंच राहो, पण उद्या हिस्से पडले तर एकाला पुढचं अन् एकाला मागचं येईल. मागच्याला रस्ता ह्या गल्लीतूनच. ती बुजवलेली असेल तर मागच्या हिश्शाला किंमतच नाही, अन् गावातली अर्धी भांडणं रस्त्यावरूनच होतात. वाटणीपत्र होईल तेव्हा गल्ली दोघांच्या सामायिक वापराची असं स्पष्ट लिहा, रुंदीसकट.

मी कोणाला बुजवा म्हणतो का? म्हणतो. मागून दुसरा रस्ता असेल, ढोरं नसतील, संडास-बोअर पुढं असेल अन् घर पहिल्यापासून कॉलम-बीमचं असेल तर खुशाल बुजवा. तुमच्याकडे ह्यातलं एकही नाही.

आता मार्च आहे, काम दिवाळीआधी पाहिजे, तर खोदकाम लगेच लावा अन् मृगाच्या आधी पाया प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) भरून घ्या, उघडे खड्डे पावसात सापडू देऊ नका. संडासचा खड्डा कुठं आहे ते आखणीच्या आधी खूण करून ठेवा, कॉलम त्याच्यापासून जमेल तेवढा दूर. रेती, गिट्टी, विटा, सगळं ह्या गल्लीतूनच घमेल्यानं जाणार, म्हणून गल्लीतली फरशी अन् उतार सगळ्यात शेवटी करा, नाही तर लगेच फुटेल.