पोलंडचं राहू द्या, आधी बांगड्या सोडवा

प्रश्न : मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, वय 35. आयटीआय करून आठ वर्षं शारजात एसी टेक्निशियन आहे. पगार 3,500 दिरहम (बेसिक 1,400), खोली कंपनीची. इथे बढती नाही. फोरमन म्हणतो लायसन्स काढ, सर्व्हिसच्या गाडीवर घेतो, 4,500 मिळतील. पण लायसन्सला सात हजार दिरहम लागतात, ते जमत नाही. अंधेरीचा एक एजंट 6 लाखांत पोलंडचं वर्क परमिट देतो, फाईलचे 20,000 दिले आहेत. राजीनामा दिला की ग्रॅच्युइटीचे साडेसहा लाख येतील, त्यातून भागेल. जावं का? (बँकेतून घेतलेल्या एनआरआय एफडीचा 1 लाख 80 हजारांचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. मागच्या वर्षी त्यासाठी बायकोच्या बांगड्या पतपेढीत ठेवल्या होत्या. कागदाचे फोटो जोडले आहेत.)

उत्तर : जाऊ नका. पोलंडबद्दल मी खाली चार ओळी लिहीन, पण तुमच्या पत्रातला खरा मजकूर कंसात आहे.

एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. फोटो मोठे करून पाहिले. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. दहा वर्षं 1.8 लाख भरायचे, म्हणजे 18 लाख, आणि विसाव्या वर्षी 38 लाख हातात. ‘दुप्पट’ म्हणून विकली असणार. दुप्पट खरंच होते, पण वीस वर्षांत! हिशेब केला तर परतावा जेमतेम पाच टक्के. आणि या पाच टक्क्यांसाठी तुम्ही पतपेढीचं अकरा टक्क्यांचं कर्ज काढलंत (दर त्याच फोटोतल्या पावतीवर आहे). हे वाचून मी चहा बाजूला ठेवला.

दुसरा फोटो जास्त वाईट आहे. प्रपोजल फॉर्मवर व्यवसाय ‘शेती’, राहणं गावी. शारजाचं नाव नाही. गणपतीच्या सुट्टीत बँकेत गेलात, तिथल्या माणसाने फॉर्म भरला, तुम्ही जिथे खूण होती तिथे सही केलीत, असंच ना? उद्या काही बरंवाईट झालं, तर पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून विमा कंपनी क्लेमला हरकत घेऊ शकते. तुमच्या माघारी घरच्यांना मिळणाऱ्या ज्या 18 लाखांच्या संरक्षणासाठी हे चाललंय, तेही आज पक्कं नाही.

आता पुढे काय. प्रामाणिकपणे सांगतो, कारण कोणी तरी तुम्हाला उलटा हिशेब दाखवेलच. दोन हप्त्यांचे 3.6 लाख गेलेच आहेत. तुमच्या पॉलिसीच्या तक्त्याप्रमाणे सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी मोडल्यास, भरलेल्याचे 30 टक्के, म्हणजे 1 लाख 8 हजार मिळतील. तिथून पुढच्याच पैशांचा विचार केला तर पॉलिसी चालू ठेवण्याचा परतावा सहा टक्क्यांच्या थोडा वर निघतो. वाईट नाही, एफडीच्या आसपास. बँकेचा माणूस हेच सांगेल. पण तुमची तुलना एफडीशी नाहीच.

दिरहम 24 रुपये धरा. पुढच्या महिन्याचा हप्ता म्हणजे 7,500 दिरहम. लायसन्सचा खर्च सात हजार. ज्या पैशाअभावी बढती अडलीय, ते पैसे तुम्ही पुढच्या महिन्यात विमा कंपनीला देणार आहात. लायसन्स आलं की महिना हजार दिरहम जास्त, सात महिन्यांत खर्च वसूल. दोन-तीनदा टेस्टला नापास झालात तरी वर्षाच्या आत. सात हजार घालून वर्षाला बारा हजार देणारी पॉलिसी अजून कोणी काढलेली नाही.

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा : एफडी म्हणून विकली, फॉर्ममध्ये चुकीची माहिती भरली, पूर्ण रक्कम परत द्या. नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा, तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र आलं की वर्षाच्या आत जायचं. हे सरेंडर करायच्या आधी. एकदा पॉलिसी मोडली की तुमची बाजू लंगडी पडते. तिथेही काही हाती लागलं नाही तर सरेंडर करा आणि त्या लाखभरातून पहिल्यांदा बांगड्या सोडवा. विमा हवाच आहे, पण टर्म विमा घ्या, म्हणजे बचत नाही, फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे. 75 लाखांचा वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळावा. फॉर्मवर शारजा लिहा, स्वतःच्या हाताने.

ग्रॅच्युइटीचा आकडाही काढा डोक्यातून. तुम्ही आठ महिन्यांचा पूर्ण पगार धरलात, 28,000 दिरहम. अमिरातीत ती फक्त बेसिकवर मिळते : पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवस, पुढे वर्षाला 30 दिवस. तुमच्या 1,400 वर 4,900 अधिक 4,200, म्हणजे 9,100 दिरहम. दोन लाख अठरा हजार रुपये. साडेसहा लाख नव्हेत. बेकारी विम्याचे महिना पाच दिरहम कापले जात असतील, पण त्याची भरपाई कंपनीने काढलं तर. स्वतः राजीनामा दिला तर नाही. ग्रॅच्युइटी बेसिकवर ठरते, म्हणून फोरमनशी बोलताना वाढीव हजारापैकी निदान निम्मे बेसिकमध्ये मागा. ते अलाउन्समध्ये ढकलायला बघतील.

गावचं जुनं बचत खातं अजून साधंच दिसतंय. परदेशात नोकरी करणाऱ्याला ते ठेवता येत नाही. ते एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं, भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या आणि पगार पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) उघडा, तिथल्या व्याजावर भारतात कर नाही.

राहिला पोलंड. तिथे पगारातून कर कापला जातो, खोली कोणाची ते तुमच्या पत्रात नाही, आणि मालकाचं नावही नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला भारतीय कायद्याप्रमाणे कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 आणि वर जीएसटी घेता येतो, म्हणजे 35,400. सहा लाख मागणारा एजंट कोण असतो ते तुम्हीच ठरवा. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक शोधा आणि 20,000 ची पावती मागा. पावती नाही म्हणाला, तर उरलेले 5 लाख 80 हजार वाचले.