इंजिनकाम केलेल्या ट्रकमध्ये टॅपेट सेट करूनही टकटक का राहते?

टकटक जात नाही म्हणून टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, आणखी कमी करत बसू नका. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

आधी रॉकर कव्हर उघडा आणि रॉकरच्या टोकावरून, व्हॉल्व्हवर टेकतं तिथे, नख फिरवा. खळगा पडला असेल तर फिलर गेजची (गॅप मोजायच्या पातळ पत्र्याची) सपाट पट्टी त्यावर फळीसारखी आडवी बसते. गेज ०.३० मिमी दाखवतं, खरा गॅप त्याहून जास्त असतो. हेडचं काम नीट होतं, पण रॉकर जुनेच चढवतात. हे मी फार वेळा पाहिलंय. रॉकरचा बुशही (ज्यावर तो फिरतो ती आतली नळी) हलवून बघा. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) काचेवर लोळवा, वाकडा लगेच कळतो.

खरी भीती कॅमची, म्हणजे पुशरॉड उचलणाऱ्या फिरत्या शाफ्टची. पुशरॉडवर डायल गेज लावून सगळ्यांची लिफ्ट, म्हणजे पुशरॉड किती वर उचलला जातो ते, मोजा. इनलेट इनलेटशी, एक्झॉस्ट एक्झॉस्टशी ताडा. एखादी कमी भरली तर कॅमचा तो लोब (उंचवटा) घासलाय. मग कॅम आणि टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधले, कॅमवर टेकणारे भाग) दोन्ही एकदम बदला. पैसे वाचवायला जुने टॅपेट ठेवलेत तर ते नवा कॅमही खातील.